झेंडेवाल्याचं वळण

त्या ट्रॅकवर वळणांना नावं देण्याची एक रीत होती. नाव लागायचं ते तिथं आपटणाऱ्याचं, नाहीतर त्याला उचलणाऱ्याचं. डांबर अंथरणाऱ्याला कुणी विचारत नसे. रोलर चालवणाऱ्या थोरल्याचं सगळं दुखणं तिथंच होतं.

मुळात ती विमानांची धावपट्टी. विमानं बंद झाली, गवत माजलं, मग कुणी हौशी माणसं मोटारी पळवू लागली आणि बघता बघता शर्यतींचा ट्रॅक झाला. सुरुवातीची सरळ पट्टी जुन्या धावपट्टीवरच. तिच्या टोकाला पेट्रोलच्या टाकीला वळसा, मग डावं-उजवं, आणि पुढं उतारावरचं ते लांबलचक वळण. गाड्या बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून थोरल्याने त्याची बाहेरची कड अशी बेताने उचलून घेतली होती, की गाडी आपसूक आत वळावी. आयुष्यात त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात देखणं काम.

आणि पहिल्याच शर्यतीत तिथं एक गाडी उलटून पेटली. झेंडा दाखवायला उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ धावला आणि त्याने चालकाला ओढून काढलं. झालं! संध्याकाळपर्यंत वळणाचं बारसं होऊन गेलं.

तेव्हापासून दर शर्यतीला कर्ण्यावरून 'झेंडेवाल्याचं वळण' ऐकलं, की थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायकोने समजावून पाहिलं, भाऊच आहे ना तुमचा? भाऊ होता म्हणूनच तर जास्त झोंबायचं. परक्याचं नाव त्याने एक वेळ पचवलं असतं.

पुढं ट्रॅक नव्याने करायचं ठरलं. उतारावरचं वळण ठेवावं की काढावं, यावर ट्रॅक चालवणाऱ्या साहेबांचं एकमत होईना. जुना माणूस म्हणून त्यांनी थोरल्याला विचारलं. त्याने क्षणभरही विचार केला नाही. सरळ करून टाका म्हणाला, गाड्यांना एकमेकींच्या पुढं जायला जागा मिळेल. साहेबांना पटलं. वळण उखडलं गेलं आणि नव्या सरळ पट्टीवर थोरल्याने स्वतःच रोलर फिरवला. हात जड झाले होते, तरी मनातून तो खूश होता. आता धाकट्याचं तोंड कसं उतरतं, ते त्याला डोळे भरून बघायचं होतं.

धाकटा चहाची किटली घेऊन आला आणि रोलरला टेकून उभा राहिला.

"दादा, ते वळण तुझं होतं रे. त्याला माझं नाव, म्हणून तिथं उभं राहायची लाज वाटायची मला," तो म्हणाला. "किती वर्षं साहेबांच्या मागं लागलो होतो, दादाचं नाव द्या म्हणून. या वेळी कबूल झाले होते. वळण राहिलं तर तुझ्याच नावाची पाटी लागणार होती. आधी बोललो नाही, म्हटलं पाटी लागली की दाखवू. कुणी काढायला सांगितलं, कोण जाणे."

डोळे पुसून त्याने पहिला कप थोरल्यापुढं धरला.

थोरल्याने तो घेतला. मान वर करायची त्याची हिंमत होईना. एवढं मोठं मन यालाच का मिळावं, आपल्याला का नाही, या विचाराने तो पुन्हा जळू लागला होता.