जे आधी करायचं, ते आधी लिहायचं

अप्पा गेल्याचं उदगीरहून त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदेडला वर्गावर निघालो होतो. महिना उलटला, पण अजूनही फळ्यावर फंक्शन लिहायला गेलो की मनात अप्पांशी वाद सुरू होतो...

आम्ही दोघंही अकरावीला गणित शिकवणारे. ओळख झाली लातुरात, पेपर तपासताना. पेपरागणिक एकच चूक. एफच्या कंसात जी, म्हणजे आधी जी करायचं, आणि पोरं बिनधास्त आधी एफ करून मोकळी. मी वैतागून लाल रेघा ओढत होतो, आणि शेजारी हा माणूस खुशीत मांडीवर थाप मारतोय.

"सर, पोरं न्हाई, चिन्ह चुकायलंय. आपण काय म्हणतो? डाळ भाज अन् दळ. अन् लिहितो कसं? दळ, कंसात भाज, त्याच्या कंसात डाळ. वाचायचं डावीकडून अन् काम करायचं उजवीकडून?"

"उलटं झालं तर काय बिघडतंय?" मी मुद्दाम डिवचलं.

"भाजून दळलं की मेतकूट, दळून भाजलं की बेसनलाडू. तुम्ही काय खाणार ते बोला."

आणि त्यांनी रद्दी कागदावर काढलं: डाळ, बाण, भाज, बाण, दळ. इतकं साधं! त्या दिवसापासून फोनवर फोन. चिन्ह हाताला सोपं पाहिजे, दुसऱ्यासारखं दिसता कामा नये, वाचताना जीभ अडू नये... चहा गार व्हायचा, आमचं संपायचं नाही.

पण स्वतःच्या पोरांना ते बाण फक्त कच्च्या कामात काढू देत. मी चिडायचो. "मग उपयोग काय, अप्पा?"

"चिन्ह एकट्याचं नसतंय, सर. तपासणाऱ्याला कळलं न्हाई तर पोराचे मार्क जातेत." मग म्हणायचे, "मी न शिकवलेल्या कुणीतरी आपल्या मनानं असं लिहिलेलं एकदा दिसावं... बास."

म्हणून मी वर्गात बाण कधी दाखवला नाही. दर चाचणीनंतर "दिसलं का कुठं?" म्हणून त्यांचा फोन यायचा, आणि दरवेळी मी नाही म्हणायचो.

परवा चाचणी झाली. कंधारच्या एका पोरीच्या पेपरात, समासात पेन्सिलीनं: एक्स, बाण, जी, बाण, एफ. उत्तर बरोबर. तिला बोलावून विचारलं, कुणी शिकवलं?

ती घाबरली. "कुणी न्हाई, सर. गोंधळ व्हायलता, म्हणून मनानंच काढलं. खोडू का?"

"खबरदार खोडलंस तर," म्हणालो आणि तिथूनच अप्पांना फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला, तेव्हा कुठे भानावर आलो.

"काका? काय झालं?"

"लिहिलं गं एका पोरीनं," एवढंच बोलता आलं मला.