लाईटवरचं औषध

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. हे मी कुठंही सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आष्ट्याजवळच्या मळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, कंपवाताच्या गोळ्या खातात. त्यांच्या चहाची बशी आता आई धरते.

दिवाळीला गेले तेव्हा आप्पांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करती काय गं?"

मी सांगितलं. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. अशा आजारात त्या पिसाळल्यासारख्या होतात आणि चांगल्या पेशींनाच इजा करायला लागतात. आम्ही डोळ्याला न दिसणारे औषधाचे कण बनवतो. ते त्या राखणदार पेशींनीच गिळावेत, ही आमची धडपड. आत गेले तरी गप पडून राहतात. वरनं लाईट टाकला की मगच कामाला लागतात आणि त्या पेशींना शांत करतात.

आप्पांनी जरा विचार केला. "थ्री फेज लागतंय का त्याला?"

आमच्याकडं लाईट म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे विहिरीवरची थ्री फेजवर चालणारी मोटार. मला हसू आवरेना. "आवं आप्पा, लाईट म्हणजे उजेड. बॅटरीचा असतोय तसा."

"मग तसं म्हण की," आई म्हणाली. "एवढी शिकलीस आन् मराठी इसरलीस."

"पर आपल्या मोटारीच्या ऑटो स्विचवानीच झालं," आप्पा म्हणाले. "लाईट येस्तवर पडून. आली की चालू."

"व्हय, तसंच."

"मग मला कवा?"

आईनं चहाची बशी खाली ठेवली.

"आप्पा, अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच चाललंय आमचं. माणसापर्यंत यायला लय वर्षं लागतील. येईल का, तेही ठाऊक नाही. तुमच्यापत्तूर न्हाई पोचायचं."

त्यांनी आपल्या थरथरत्या हातांकडं बघितलं. याच हातांनी गाडीचं हँडल धरून त्यांनी मला रोज पहाटे आष्ट्याच्या स्टँडवर सोडलं, सांगलीच्या कॉलेजची एसटी गाठायला. भावकीतलं कुणी म्हणायचं, पोरीला कशाला शिकवतोस एवढं? आप्पा गाडी न थांबवता म्हणायचे, "तुमच्या गाडीवर बसलीया का?" मला जे काही येतं ते त्या हातांमुळं.

"बरं केलंस, सरळ सांगितलंस," ते म्हणाले. "डाक्टर लोक लय गोल गोल बोलत्यात."

दुसऱ्या दिवशी धाकटे चुलते आले. मी आत बॅग भरत होते. बाहेर आप्पांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, राखणदार पेशींपासनं.

"मग तुझा हात थरथरायचा थांबंल की, आप्पा," चुलते म्हणाले.

"माझा न्हाई. पुढच्यांचा," आप्पा म्हणाले. "आन् थ्री फेज लागत न्हाई रं त्याला."