पूर्ण पत्त्याचे साडूभाऊ

माझे साडूभाऊ जगातली कुठलीही वस्तू शोधून देऊ शकतात, फक्त ती त्यांनी स्वतः ठेवलेली नसावी. राहणं रोह्याला, नोकरी कंपनीत कॉम्प्युटरवर, आणि श्रद्धा एकाच गोष्टीवर: पत्ता मुळापासून सांगावा. पेणहून फोन करून मी "घरी आहात का?" विचारलं की उत्तर येतं, "भारत, महाराष्ट्र, रायगड, रोहा, दुसरा मजला, मोरी. बोला." एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी मीठ मागितलं. मी म्हणालो, "तिथेच आहे, डब्यामागे." हातातला घास तसाच थांबला. "मागे म्हणजे? कुठून बघितल्यावर मागे?" बायकोने ताटात मीठ वाढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, पाच मिनिटं मी तावातावाने डब्याची बाजू घेऊन भांडत होतो.

कॉम्प्युटरमध्येही म्हणे असेच पत्ते असतात. विंडोजमध्ये सुरुवातीला 'सी' हे अक्षर आणि पुढे दोन टिंबं. लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीममध्ये नुसती एक तिरकी रेघ. "आणि प्रोग्रामिंगची भाषा सुनेसारखी," साडूभाऊ समजावतात, "ज्या घरात नांदते तिथल्या रीतीने पत्ता वाचते." मी मान डोलावली. मी मान फार छान डोलावतो. त्यापायी घरात तीन विमा पॉलिसी आहेत.

हमरापूरला आमच्या बायकांच्या मावशीचा गणपतीचा कारखाना. मूर्तींचे डोळे मावशीचे यजमान, म्हणजे काका, आखायचे. गिऱ्हाइकांना दरवर्षी आपल्या गणपतीची तीच नजर लागते, म्हणून काका आखत असताना मावशी फोटो काढून ठेवायची. काका गेले, आणि आता ते फोटो बघून तीच डोळे आखते. तिचा कॉम्प्युटर कण्हत चालायचा. साडूभाऊंना दया आली. त्यांनी फोटो पेनड्राइव्हवर घेतले, विंडोज काढून हलकं लिनक्स बसवलं आणि स्वतःच्या जुन्या प्रोग्रामकरवी फोटो परत आत ठेवले. 'सर्व फोटो जागेवर ठेवले' असं पडद्यावर झळकलं. लगेच पेनड्राइव्ह पुसून टाकला. तो सल्ला माझा. मला त्यात भजनं भरून हवी होती.

फोटो कुठेच दिसेनात. गणपती पंधरा दिवसांवर, आणि कारखान्यात दोनशे मूर्ती डोळ्यांविना आमच्याकडे बघत होत्या.

"कॉम्प्युटरलाच शोधायला सांगा की," मी म्हणालो.

"शोधायचं? स्वतः दिलेल्या पत्त्यावर अविश्वास दाखवायचा?" असं म्हणून त्यांनी मुळापासून एकेक फोल्डर उघडायला घेतलं. जेवणवेळ झाली तरी ते मुळाच्या आसपासच होते.

मावशी रंगाचे हात पुसत आली. "जावय, तुमचा तो प्रोग्राम बसलाय कुठं?"

"त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये."

"मंग तितंच त्याच्या पायाशी बगा. नव्या घरात सामान कुठं ठेवायचा ते कळला नाय, का मानूस दारातच टाकतो."

होते तिथेच, सगळेच्या सगळे. प्रोग्राममध्ये साडूभाऊंनी विंडोजचा 'सी'पासूनचा पत्ता लिहिलेला, आणि लिनक्सला ही सी कोण ते ठाऊक नाही. त्याने तो अख्खा पत्ता प्रत्येक फोटोच्या नावातच कोंबला होता. "माझा पत्ता," साडूभाऊ पुटपुटले, "आणि त्याने नाव म्हणून लावला." इतका पडलेला चेहरा मी फक्त स्वतःचाच पाहिला आहे, दाढी करताना.

"आता नावं नीट करून देतो," ते म्हणाले.

"नको. हात लावू नका. हायत तशी ऱ्हाऊद्यात."

एरवी यावर तासभर व्याख्यान झालं असतं. पण मावशीने पहिला फोटो उघडला होता. गणपतीच्या डोळ्याशेजारी, कोपऱ्यात, कुंचला धरलेली काकांची दोन बोटं आली होती, जराशी हललेली. तिसऱ्या-चौथ्या फोटोला मला कळलं, मावशी डोळे बघतच नव्हती. बोटं असतील तिथे थांबायची, नसतील तर 'पुढचा' म्हणून मान हलवायची. आणि साडूभाऊ शेजारी उभे राहून पुढचा फोटो उघडून देत होते.