आईचं वेगळं ताट

बाळंतपणासाठी मी कर्वेनगरला आईकडे आले, तेव्हा तिने आधी स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकायचं ठरवलं. "बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे कान कुठे नि डोळा कुठे ते दिसायला नको का?" बाळाच्या अंघोळीला बाई लावायची नाही, हे तिचं केव्हाच ठरलं होतं. ऑपरेशनपूर्वीच्या नेहमीच्या रक्ततपासण्यांत हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आला.

रिक्षात मी मोबाईल उघडला आणि यकृताच्या या आजाराबद्दल वाचायला नको ते सगळं वाचलं. शेजारी आई पर्स घट्ट धरून बसलेली. तिने एकच विचारलं, "तुला काही नाही ना?" माझी तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच झाली होती, निगेटिव्ह होती. ते ऐकून तिने सुस्कारा सोडला. स्वतःबद्दल अक्षरही विचारलं नाही. मला तिचा रागच आला.

पोटाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ही पहिली तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. विषाणू आत्ता अंगात आहे का, ते आरएनएची दुसरी तपासणी सांगेल. तो रक्तातून पसरतो. पेल्यातून, ताटातून, जवळ घेतल्याने नाही. आणि असलाच तरी हल्ली गोळ्यांनी बहुतेकांचा आजार बरा होतो.

आईने सगळ्याला मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचं ताट, पेला, चमचा बाजूला काढला. ते स्वतःच घासायची, गॅलरीत पालथं घालायची. तिच्या माहेरी पाळीच्या दिवसांत बायका बाजूला बसायच्या. तो प्रकार तिने आमच्या घरात कधी शिरू दिला नव्हता. आता मात्र बाजूला कसं बसायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी भांडले, डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले. "कळलं गं," म्हणायची आणि वेगळीच जेवायची. इतकी हतबल मी कधी झाले नव्हते. पोट सांभाळत तिच्यामागे घरभर फिरायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

दुसरा रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही. मी दवाखान्यातच रडले. "एक तर कधीतरी होऊन शरीराने तो आपोआप घालवला असेल, नाहीतर पहिली तपासणीच फसवी असेल," डॉक्टर म्हणाले. "काहीही असो, आज तुम्हाला हा आजार नाही. डोळ्याचं करून टाका."

"पुन्हा तपासलं तर पहिली निगेटिव्ह येईल ना?" आईने विचारलं.

"बहुधा नाही. अँटिबॉडी राहतात. ती पॉझिटिव्हच दाखवेल."

"म्हणजे आजार नाही, पण मी पॉझिटिव्हच."

"त्याला मी काय करू, काकू? हा दुसरा रिपोर्ट जपून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवा."

ऑपरेशन झालं, मग माझी मुलगी झाली, आणि आईने अंघोळीला बाई लावली. स्वतः मोरीच्या दारात उभी राहून सूचना द्यायची. आता तिला लख्ख दिसत होतं. पाणी कढत आहे. कानामागे तेल राहिलं. बाई वैतागून म्हणाली, "काकू, तुम्हीच घाला की मग." आई आत निघून गेली.

एका दुपारी मी बाळाला तिच्या मांडीवर ठेवायला गेले. तिने हात मागे घेतले. माझा संयम सुटला. "अगं, सगळे सांगतायत की काही होत नाही. अजून कुणी सांगायला हवंय तुला?"

ती बाळाकडेच बघत होती. "तुझ्या वेळी माझं खूप रक्त गेलं होतं," ती म्हणाली. "बाहेरचं चढवावं लागलं. मी घाबरले होते, तर तेव्हाही सगळे हेच म्हणाले. काही होत नाही."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. बाळ माझ्या हातात रडायला लागलं, आणि मी त्याला खांद्यावर घेऊन तिच्या शेजारी बसले.