ड्रमवरची कोरी जागा

दसऱ्याची सकाळ, महाडची बाजारपेठ… आणि भर रस्त्यात आमच्या ह्यांनी गटार साफ करायच्या मशीनला झेंडूचा हार घातला होता. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत आमचा संसार.

महाडकरांना सांगायला नको, पुरात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं आणि जाताना प्रत्येक मोरीच्या पाइपात चिखल ठेवून जातं. मग बांबूच्या कामट्या घाला, नाहीतर कुणालातरी हात घालायला लावा. ह्यांना ते बघवत नसे.

म्हणून ह्यांनी पत्र्याचा एक ड्रम केला. त्यात स्प्रिंगसारखी लांबलचक पोलादी केबल गुंडाळलेली. मोटार ड्रम फिरवायची, केबल गरगरत पाइपात शिरायची आणि गाळ फोडायची. झकास काम… फक्त केबल आत कुठे अडकली की पीळ उलटा बाहेर यायचा. एकदा ह्यांचं मनगट असं पिरगळलं की पुढे बरेच दिवस मीच ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होते.

मी तेव्हा ब्लाउज शिवायची. शिवता शिवता सहज म्हटलं, "माझं मशीन बघा. पाय थांबला की सुई थांबते. हात अडकला तरी पाय मोकळाच असतो ना?" चार दिवसांनी बघते तर मोटारीला लाकडी फळीवरचा पायाचा स्विच बसवलेला. पाय दाबला की चालू, उचलला की बंद!

मग ह्यांच्या डोक्यात पेटंट शिरलं. सातवी शिकलेला पोलादपूरकडच्या खेड्यातला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांची नावं असलेल्या मोटारी दुरुस्त करत बसलेला. एका तरी वस्तूवर आपलं नाव असावं, एवढंच ह्यांना हवं होतं. ड्रम हिरव्या रंगाने रंगवला, पण पुढे वहीएवढी जागा कोरी ठेवली. तिथे नाव आणि पेटंटचा नंबर यायचा होता.

पण आपल्याकडे पूजा केल्याशिवाय नवं अवजार शुभकार्याला कसं न्यायचं? म्हणून आधी दसरा, मग मुंबई. पूजा झाली, नारळ फुटला, आणि समोरच्या खानावळीची तुंबलेली मोरी सगळ्या पेठेसमोर मोकळी करून दाखवली. शेजारचे ट्रान्सपोर्टवाले चाचा तर म्हणाले, "भाईसाब, ही चीज दुबईत पण चालेल." पोलादपूरचा एक मेकॅनिक मापं घ्यायला लागला, तर टेपचं दुसरं टोक ह्यांनीच धरलं… मी कौतुकाने सगळ्यांना पेढे वाटत होते.

दिवाळीनंतर एसटीने मुंबईला गेलो. पेटंटचं काम करणारे वकील फोर्टात बसायचे. माणूस भला होता, चहा पाजला, चित्रं नीट पाहिली. ड्रम, केबल, मोटार ही जुळणी परदेशात पुष्कळ वर्षं आहे, तिला नवीन म्हणता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. मग वकीलसाहेब पायाच्या स्विचपाशी थांबले. ही रचना आधी कुणी केली आहे का ते शोधावं लागेल, म्हणाले, पण यात कदाचित काही असू शकेल. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

मग त्यांनी विचारलं, हे मशीन अजून कुणी पाहिलेलं नाही ना?

हे छाती काढून म्हणाले, "असं कसं? अख्ख्या महाडनं बघितलंय. पोलादपूरहून पण मानसं आलती."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. अर्जाच्या आधी लोकांसमोर चालवून दाखवलेली वस्तू कायद्याने नवीन राहत नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. देवाला दाखवलेली वस्तू माणसांपासून लपवायची असते, हे आम्हाला कुठे ठाऊक?

उठताना त्यांनी सहज विचारलं, स्विच पायाने चालवायची कल्पना तुम्हाला सुचली कशी? अर्जात खऱ्या शोधकाचं नाव द्यावं लागतं, म्हणून विचारायची सवय आहे, म्हणाले.

आता अर्जच नव्हता. खरं-खोटं कोण बघणार होतं? पण ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती हिची हाय, साहेब. मी निसत्या वायरी जोडल्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ह्यांनी चारचौघांत माझं कौतुक केल्याचं मला आठवत नव्हतं. परतीच्या एसटीत हे पेटंट गेलं म्हणून गप्प, आणि मी भलत्याच आनंदात गप्प! पनवेलला ह्यांनी माझ्यासाठी वडापाव आणला, तेव्हा सांगून टाकलं की मला आज फार बरं वाटलंय. "येडी हायस," म्हणाले.

आठवड्याने दुकानात पेंटर आला. ट्रकवर नावं रंगवणारा होता, त्यामुळे अक्षरं चांगलीच ठसठशीत. ड्रमवरच्या कोऱ्या जागेत पिवळ्या रंगात लिहिलं होतं… सुनंदा.

मी कपाळाला हात लावला. गटाराच्या मशीनवर बायकोचं नाव! पुढची कितीतरी वर्षं लोक दुकानात येऊन सांगायचे, मोरी तुंबलीय, सुनंदाला पाठवा. दासगाव, नाते, बिरवाडी… मी घरात भाकऱ्या थापत असायची आणि सुनंदा गावोगाव फिरायची. पोलादपूरच्या त्या मेकॅनिकने पण तसंच मशीन बनवलं आणि त्यावर आपल्या बायकोचं नाव टाकलं. त्याला वाटलं, ते नावसुद्धा मशीनचाच भाग असतं.

गेल्या महिन्यात बिरवाडीला एका लग्नात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी नाव विचारलं. सांगितलं, तर निरखून बघत म्हणाल्या, "म्हंजे ती मशीनवाली सुनंदा?"

हो, तीच मी, म्हटलं. हे पलीकडेच बसले होते. मान खाली घालून जिलेबी खात राहिले, पण गालातल्या गालात हसत होते… नंबराविना राहिलेली ती जागा भरून पावली म्हणायची.