बँडच्या खोक्यातली कॅसेट

विल्फ्रेड होलरॉइड आमच्या यॉर्कशरमधल्या खाणगावात शाळेचा राखणदार होता आणि गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. पन्नाशी उलटली तरी त्याने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरी आई आहे ना."

१९८८ साली दोन पुरुषांच्या प्रेमावरचा एक जुना सिनेमा व्हिडिओवर आला. विल्फ्रेडने तो टपालाने मागवला, लेबल खरवडून काढलं आणि कॅसेट बँडस्पर्धेच्या कॅसेटच्या खोक्यात लपवली. मंगळवारी तो शाळेत असताना बँडमास्तर स्टॅनली स्पर्धेची कॅसेट बघायला मागायला आला. आईने तेच खोकं त्याला दिलं.

घरी आल्यावर हे कळताच विल्फ्रेडच्या डोळ्यांपुढे सगळं आलं: नोकरी जाईल, बँड सुटेल, चर्चमध्ये आईशेजारी कुणी बसणार नाही. तो धावतच स्टॅनलीच्या दारात पोचला.

"काय रे, मागे कुत्रं लागलंय का?" स्टॅनली हसला. "तुझी कॅसेट आमच्या मशीनमध्ये जातच नाही. आमचं बेटामॅक्स, त्याला वेगळ्याच आकाराची कॅसेट लागते. मेव्हण्याने गळ्यात मारलंय."

विल्फ्रेडचा जीव भांड्यात पडला. "मग दे परत."

"परत कशाला? शनिवारी क्लबातल्या मशीनवर लावू. अख्खा बँड येतोय."

"ती स्पर्धेची नाही, स्टॅनली."

"मग कसली?"

विल्फ्रेडने मान खाली घातली. स्टॅनलीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आतून खोकं आणून त्याच्या हातात ठेवलं आणि दार लावलं.

स्टॅनली कुणाला काही बोलला नाही. तरी पुढे कित्येक वर्षं, सरावात त्याची नजर आपल्याकडे वळली की विल्फ्रेडचा सूर कापायचा.