दोन खुंट्यांच्या मधात

आमच्या संत्र्याच्या बगीच्यात मधोमध वीस पावलं रुंदीचा एक पट्टा आहे. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत सरळ, आणि त्यात एकही झाड नाही. नवा माणूस आला की विचारतो, इथली झाडं मेली का? मेली नाहीत, लावलीच नव्हती. ती जागा माझ्या बापानं रेल्वेसाठी सोडून ठेवली.

खाप्याच्या अलीकडे, कन्हान नदीच्या अंगाला आमचं गाव. मला मिसरूड फुटत होतं तेव्हा मोजणीवाले साखळ्या आणि दुर्बीण घेऊन आले. रेल्वेचा नवा फाटा निघणार, नदीवर पूल होणार, असं सांगत त्यांनी आमच्या वावरात दोन ओळींनी लाकडी खुंट्या ठोकल्या. बापाची तेव्हा बगीचा लावायची तयारी चालली होती. खड्डे खणून झाले होते. मोजणीचा साहेब आमच्या ओसरीवर झुणका-भाकर जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "दादा, या दोन खुंट्यांच्या मधात झाड लावू नका. उद्या तोडावं लागेल."

बाप म्हणाला, "नाही लावत."

एवढंच. कागद नाही, सही नाही. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यातले खड्डे बापानं स्वतः बुजवले. विहिरीला लागून असलेली ती आमची सगळ्यात कसदार माती. त्यात तो तूर पेरायचा, हरभरा पेरायचा. पीक चार महिन्यांत निघून जातं, गाडीच्या आड येत नाही, असा त्याचा हिशेब. बाजूची झाडं फळाला आली, तरी पट्टा मोकळाच. खुंट्यांना वाळवी लागली, तर बापानं बाभळीच्या नव्या तासून ठोकल्या. आई संध्याकाळी पट्ट्याकडे बघून म्हणायची, "तुमची गाडी आजबी लेट हाय वाटते."

"येईन ना वं," बाप म्हणायचा. "पूल बांधाले टाइम लागते."

ज्याची जमीन जाईल त्याच्या एका पोराला नोकरी, असंही तो साहेब बोलून गेला होता. घरात पोरगा मी एकटाच. नोकरी लागणार म्हणून बापानं मला कुठं जाऊ दिलं नाही. दोन वर्षं थांबलो. तिसऱ्या वर्षी म्हटलं, "मी नागपूरले चाललो. संत्र्याचा धंदा करतो."

"नोकरी चालून येऊन राहिली, आन् तू टोपली उचलतं?"

"काहून नाही? कोणती नोकरी? एक टाइम जेवून गेलेल्या माणसावर भरोसा हाय, पोरावर नाही?"

मी पट्ट्यातली एक खुंटी लाथेनं उखडली आणि विहिरीत फेकली. त्याच दिवशी दोन टोपल्या घेऊन बसनं शहरात आलो. पुढं जे केलं ते माझं मी केलं. फुटपाथवर बसलो, दलालांच्या शिव्या खाल्ल्या, उलटून दिल्या, आणि आज मार्केटमध्ये माझा गाळा आहे. बापाचा त्यात छदाम नाही, हे मी चारचौघांत बोलून दाखवायचो. बापासमोरही.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. गावाहून माल आणताना बसमध्ये टोपल्या पायाशी धरून उभा असायचो, तेव्हा मी त्या रेल्वेत बसायचो. विहिरीजवळ आमचं स्टेशन. मोहाच्या झाडापाशी सिग्नल. गाडी पट्ट्यातून निघायची, दोन्ही खिडक्यांबाहेर आमचीच झाडं, फांद्या हाताला लागतील इतक्या जवळ. मग पूल, आणि खाली कन्हानची वाळू. बस खड्ड्यात आदळली की सगळं मोडायचं, आणि बापाचा राग नव्यानं यायचा.

यंदा आई गेली. बापाचे गुडघे केव्हाचेच गेले होते. त्याला नागपूरला न्यायचं ठरलं आणि बगीचा विकायचा ठरला. बाप म्हणाला, "तुले जमते ते कर."

गिऱ्हाईक जुन्या वळणाचा होता. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. बगीच्यातच बसलो. बाप बाजेवर, आमच्यापासून हातभर. रुमालाखाली माझं चांगलं चाललं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, पण इथून रेल्वेची लाइन हाय म्हणते. उद्या सरकारनं जागा घेतली त मी काय करू? भाव उतरवा."

बापानं मान वर केली. "निघाली का लाइन?"

याचं उत्तर मार्केटमधला कोणताही दलाल झोपेत देईल: लाइन येणार असेल तर भाव चढतो, उतरत नाही. माझ्या जिभेवर तेच होतं. होकार दिला असता तर भावही चढला असता आणि बापही खूश झाला असता. पण जन्मभर ज्या थापेला शिव्या घातल्या, तीच मी विकली असती.

माझं डोकं फिरलं.

"कोणती लाइन?" मी गिऱ्हाइकावर ओरडलो. "कोणी सांगितलं तुले? नाही येत रेल्वे! कधीच नाही येत!"

आणि मग बापाकडे बघितलं.

"मले माहीत हाय," बाप म्हणाला.

"कधीपासून?"

"तुह्या लग्नाच्या अगोदरपासून."

"मंग निघाली का म्हणून काहून विचारलं?"

"हा म्हणून राहिला म्हणून विचारलं."

"आन् झाडं काहून नाही लावली, बाबा?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नवशिक्या दलालाकडे बघतो. "त्या साहेबाले नाही लावत म्हटलं होतं ना मी. तो कुठं येऊन बोलला, का आता लावा म्हणून?"

मार्केटमध्ये माझ्याबद्दल लोक बरंच वाईट बोलतात. भांडखोर म्हणतात, चिवट म्हणतात. पण रुमालाखाली बोट दाबलं की हा फिरत नाही, घाटा आला तरी फिरत नाही, हे माझे दुश्मनही सांगतात. ही माझी स्वतःची कमाई, असं मी समजत होतो.

रुमाल अजून आमच्या हातांवर होता. मी म्हटलं, "एक अट हाय. पट्ट्यात झाड लावायचं नाही."

गिऱ्हाईक हसला. "रेल्वे येत नाही म्हणता, आन् जागा सोडाले सांगता? घाट्याचा सौदा झाला मंग."

"त्याचा भाव कमी धर." मी बोट दाबलं. इतकं खाली मी आयुष्यात उतरलो नव्हतो.

त्यानं बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नाही लावत," तो म्हणाला.

मी खिशातला कागद काढला. बाप बाजेवरून बोलला, "लिहू नको गा. बोलला ना तो."

कागद परत ठेवला. निघताना बाप पट्ट्याच्या तोंडाशी थांबला. विहिरीजवळची खुंटी कलली होती. मी उखडली होती तिथंच त्यानं ही दुसरी ठोकली होती, आणि तिलाही आता वर्षं झाली होती. त्याला वाकता येत नव्हतं. तो काठीनं ती सरळ करायला बघत होता.

मी धुऱ्यावरचा दगड उचलला आणि खुंटी ठोकली. त्या साहेबाचा राग होता, बापाचा होता, माझाही होता. खोल गेली.